लुबर्टच्या अंगणातली वाट

रुल्फीनला आयुष्यात एकाच गोष्टीचा मनापासून राग होता, आणि ती गोष्ट बरोब्बर तीन किलोमीटर लांब होती. डांबरी रस्ता.

एलरवोल्डच्या स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच्या खांबावर पहिला लाल-पांढरा पट्टा दिसतो. तसल्या पट्ट्यांचा माग काढत निघायचं. आधी बर्चची झाडी, मग हेदरच्या खुरट्या झुडपांचं मोकळं माळरान, मग स्वार्टव्हेनची दलदल. तिथे फळ्यांच्या वाटेवरून एकामागे एक चालायचं, दोन्ही बाजूंना काळंशार पाणी आणि मे महिन्यात त्यावर कापूसगवताची पांढरी बोंडं. क्रौंचांची एक जोडी तिथे मुक्कामालाच असते. अकरा किलोमीटर एक गाडी दिसत नाही. आणि एवढं सगळं सुख देऊन झाल्यावर ही वाट निर्लज्जासारखी डांबरी रस्त्याला लागायची आणि शेवटचे तीन किलोमीटर, बस थांब्यापर्यंत, पशुखाद्याच्या ट्रकांच्या कडेकडेने जायची. माणसाने अकरा किलोमीटर कमावलेलं तिथे गमवायचं.

ही वाट रुल्फीनची होती. म्हणजे सातबारा काही तिच्या नावावर नव्हता. ती पट्टे रंगवणारी. पायवाटांच्या संस्थेने प्रत्येकाला एक तुकडा वाटून दिलेला असतो, तो वर्षातून दोनदा चालायचा, तोही दोन्ही बाजूंनी, कारण येताना दिसणारा पट्टा जाताना फांदीआड जातो. पाठीवर पिशवी, पिशवीत लाल डबा, पांढरा डबा, तारेचा ब्रश आणि फांद्या छाटायची कात्री. बावीस वर्षांत ती ही वाट अठ्ठ्याऐंशी वेळा चालली होती आणि एकही माणूस तिच्या पट्ट्यांमुळे चुकला नव्हता. हे ती स्वतःहून कुणाला सांगायची नाही, पण कुणी विचारावं अशी वाट मात्र बघायची.

त्याआधी ती गावची नर्स होती. सायकलवरून घरोघर फिरून अर्ध्या गावाला इंजेक्शनं दिलेली. गाडी चालवायला ती शिकली नाही, कारण गरजच पडली नाही. पाऊस असला की बस असायची, आणि बस चालवायला बार्टेल्ड असायचा. पुढे त्याच बार्टेल्डशी तिने लग्न केलं. "तिकीट काढायचा कंटाळा आला होता," असं ती म्हणते.

आता या डांबराला पर्याय नव्हता का? होता की! आणि तेच तर दुखणं होतं. दलदलीपलीकडच्या माळरानावरून एक मातीची गाडीवाट लुबर्टच्या अंगणात जाते, तिथून ओढ्याच्या बांधावरून कुरणं ओलांडत सरळ बस थांब्यावर उतरते. ना ट्रक, ना गाड्या. पण जमीन लुबर्टची, आणि मालकाने लेखी परवानगी दिल्याशिवाय वाट न्यायची नाही हा संस्थेचा नियम. लुबर्ट परवानगी द्यायचा नाही. का? तर बावीस वर्षांपूर्वी, अगदी पहिल्याच खेपेला, रुल्फीनने उत्साहाच्या भरात त्याला न विचारता त्याच्या नासपतीच्या झाडावर एक पट्टा ओढला होता. लुबर्टने तो डांबर फासून बुजवला आणि वर म्हणाला, "माझ्या झाडाला कुंकू लावायला तुला कुणी सांगितलं?"

तेव्हापासून एक रिवाजच पडला. दर मार्चच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला रुल्फीन लुबर्टच्या दारावर टकटक करायची.

"वाट देतोस का?"

"नाही."

"बरं. पुढच्या वर्षी येते."

संपलं. आत ये नाही, कॉफी घे नाही. दार बंद. सहा वर्षांपूर्वी लुबर्टची बायको हिली गेली, त्या वर्षीसुद्धा रुल्फीन विचारायला गेली होती. त्या दिवशी त्याने "नाही" म्हणायला जरा वेळ लावला होता, एवढाच फरक.

बार्टेल्ड सोफ्यावरून चिडवायचा, "तुला मागणी घालायला मी एकदाच आलो होतो. त्या लुबर्टच्या दारात तू बावीस वेळा गेलीस."

"तू पहिल्याच वेळी 'हो' ऐकलंस म्हणून शेफारलायस," ती म्हणायची.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. रुल्फीनला पंचाहत्तरावं लागलं होतं. उजवा गुडघा कुरकुरत होता. शरद ऋतूत हा तुकडा एका तरुण मुलीच्या हवाली करायचं तिने संस्थेला कळवून टाकलं होतं. सोडण्याआधी एकदा, एकदाच का होईना, स्टेशनपासून थांब्यापर्यंत गाडीचं तोंड न बघता चालायला मिळावं एवढीच तिची इच्छा होती. आणि नेमकं मार्चच्या पहिल्या सोमवारी गारांचा पाऊस, गुडघा सुजलेला. ती खिडकीशी बसून राहिली. बावीस नकार पुरेसे झाले, तिने मनाशी म्हटलं. आणखी एक ऐकायला कशाला जायचं? आणि ती गेली नाही.

गुडघ्याची सूज उतरल्यावर महिन्याच्या शेवटी ती शेवटचे पट्टे मारायला निघाली. भुरभुर पाऊस, चष्म्यावर वाफ. दलदलीपलीकडच्या माळरानावर जिथे वाट डावीकडे डांबराच्या दिशेने वळते, त्या फाट्यावरचा जुना खांब कुजून पडला होता. संस्थेला तिने तीन पत्रं लिहिली होती. बघते तर काय, तिथे नवाकोरा ओकचा खांब ठोकलेला! हाताने हलवून पाहिला, घट्ट. "अखेर जाग आली म्हणायची," ती पुटपुटली, आणि तिने त्यावर आयुष्यातला सर्वांत देखणा पट्टा काढला, खाली डावीकडे वळणारा बाण. दोन पावलं मागे जाऊन स्वतःच बघत उभी राहिली.

एप्रिल सरला, आणि चालणाऱ्यांची पत्रं यायला लागली. ती संस्थेकडे येतात आणि तिथून रुल्फीनकडे. एरवी मजकूर ठरलेला: अमुक पट्टा फिका झालाय, तमुक फळी सैल आहे. या वेळचं पहिलंच पत्र वाचून तिने चष्मा काढून पुसला.

"नवी वाट फार आवडली. शेतावरचे पॅनकेक अप्रतिम," एका बाईने लिहिलं होतं.

"शेतकरी आजोबा शिव्या फार छान देतात. पुढच्या महिन्यात मित्रांना घेऊन येतोय," दुसरं.

तिसरं एका शाळामास्तराचं. "बेकन अजून थोडं कुरकुरीत चालेल. बाकी उत्तम."

"बार्टेल्ड, कुठलं शेत?" रुल्फीन ओरडली. "माझ्या वाटेवर शेत कुठाय?"

बार्टेल्डने पत्रं घेतली, वाचली, आणि त्याचे खांदे हलायला लागले. "अख्ख्या पंचक्रोशीत छान शिव्या देणारा शेतकरी एकच आहे," तो म्हणाला.

रुल्फीनने गाड्यांचं वेळापत्रक शोधायला घेतलं.

शनिवारी सकाळच्या गाडीने ती स्टेशनवर उतरली आणि गुडघ्याला न विचारता चालत सुटली. फाट्यावर पोचली. खांब नव्हता. जमिनीत एक खड्डा होता आणि खड्ड्याभोवती लेंड्या होत्या. तिला कळायचं ते कळलं, पण मन मानायला तयार नव्हतं. ती सरळ पुढे गेली. अर्ध्या किलोमीटरवर टामोचा मेंढवाडा लागला. टामो म्हणजे या माळरानाचा मेंढपाळ, तीसएक वर्षांचा, अंगाने ओंडका आणि स्वभावाने लोणी. मेंढ्या हेदरमध्ये पांगल्या होत्या, तो डबा उघडून बसला होता. वाड्याच्या कोपऱ्याला तिचा खांब. त्यावर तिचा पट्टा. आणि तिचा सुंदर बाण डावीकडे, थेट लुबर्टच्या गाडीवाटेकडे दाखवत होता.

"टामो! हा खांब कुणाचा?"

"माझा. का हो काकू?"

"यावर पट्टा आहे!"

"हो ना, छान दिसतो. पहिला खांब ठोकून मी जाळी आणायला गेलो, परत येतो तर हा पट्टा! मला वाटलं तुम्ही वाड्याला रंग देताय. मी म्हटलं, काकूंनी एवढं प्रेमाने केलंय, पुसायचं कशाला?"

"अरे गाढवा, हा वाट दाखवणारा बाण आहे! खांब काढून इकडे कशाला आणलास?"

"गवत संपलं की वाडा हलवावा लागतो काकू. मेंढ्यांना बाण खाता येत नाही." टामोने पाव चावला. "पण लोक कुठे चुकतात? रोज इथून मजेत डावीकडे जातात. परत कुणी येताना दिसत नाही, म्हणजे नीट पोचत असणार."

रुल्फीनने कपाळावर हात मारला. बावीस वर्षं! बावीस वर्षं एक माणूस चुकला नाही, आणि जाता जाता तिने पट्टा ओढला तो मेंढ्यांच्या कुंपणावर. आणि लोकांना पाठवलं कुठे, तर नेमकं लुबर्टच्या अंगणात, परवानगीशिवाय, दुसऱ्यांदा! तिला हसूही येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होत होतं. गळ्यातला स्कार्फ सोडून तिने खांबावर पट्टा झाकून करकचून बांधला.

"आता कुणी आलं तर?" टामोने विचारलं.

"आल्या वाटेने मागे पाठव. पहिल्या फाट्यावरून डांबराकडे."

"डांबराकडे?" टामोने असं तोंड केलं की जणू तिने लोकांना विहिरीत ढकलायला सांगितलं होतं. "बिचारे."

ती लुबर्टच्या गाडीवाटेला लागली. काय बोलायचं ते ती घोकत होती. चूक माझी. पट्टा झाकलाय. यापुढे कुणी येणार नाही. एवढं म्हणून निघायचं. तो ओरडेल तेवढं ऐकून घ्यायचं, हक्कच आहे त्याचा.

अंगणात पाऊल ठेवलं आणि ती थबकली. दाराबाहेर चिखलाच्या बुटांची रांग होती. नऊ जोड. आतून हसण्याचा गलका आणि तळलेल्या बेकनचा वास. तिने टकटक केली. कुणाला ऐकूच गेलं नाही. मग ती बूट काढून आत गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने लुबर्टचं स्वयंपाकघर पाहिलं.

लांब टेबलाशी नऊ चालणारे नुसत्या मोज्यांवर बसले होते. चुलीपुढे लुबर्ट, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, हिलीचा फुलाफुलांचा एप्रन बांधून. दोन तवे एकदम चालले होते.

"काकवी पुढे सरकवा! ए दाढीवाल्या, तुझे चार झाले, त्या पोरीला दे. आणि खिडकी कोण उघडतंय? माझ्या घरात मी मरेपर्यंत खिडकी बंद..." त्याने वळून पाहिलं. रुल्फीन दारात उभी. त्याचा हात हवेतच राहिला.

"आलीस?" तो म्हणाला. "आली बघा चोर!"

नऊही माना वळल्या.

"हीच ती," लुबर्टने उलथनं तिच्याकडे रोखलं. "बावीस वर्षं विचारत होती. तेविसाव्या वर्षी न विचारताच माणसं धाडली. मला वाटायचं ही सरळ आहे!"

"लुबर्ट, मुद्दाम नाही केलं," रुल्फीन घाईघाईने म्हणाली. "पाऊस होता, चष्म्यावर वाफ होती. खांब टामोच्या वाड्याचा निघाला. त्याने तो हलवला."

"मेंढवाड्यावर पट्टा मारलास?" लुबर्टचा चेहरा लाल झाला. आता हा फुटणार, असं तिला वाटलं. तो फुटलाच, पण हसून. इतका हसला की चुलीचा कठडा धरावा लागला. "नर्सबाई! मेंढवाड्यावर! हिली असती तर..." आणि तिथे तो थांबला, एप्रनला डोळे पुसले.

"हसून घे," रुल्फीन म्हणाली. "पण चूक माझीच. पट्टा झाकलाय मी. आजपासून इथे कुणी येणार नाही."

टेबलावरचे काटे-चमचे थांबले. लुबर्टने हसणं गिळलं आणि तव्याकडे वळला.  पॅनकेक करपल्याचा वास आला.

"झाकायला तुला कुणी सांगितलं होतं?" तो तव्याशी बोलल्यासारखा म्हणाला.

"नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात."

"मग परवानगी दे."

"देणार नाही."

"का रे बाबा? घर भरून माणसं जेवतायत, आणि तू..."

"कारण तू मागायला आली नाहीस!" लुबर्ट गर्रकन वळला. "मार्चचा पहिला सोमवार. धुतलेला शर्ट घालून मी दहापासून दाराशी. दहाचे साडेदहा, साडेदहाचे बारा. गारा पडत होत्या, म्हटलं उशीर होत असेल. दुसऱ्या दिवशी बेकरीत जाऊन विचारलं, रुल्फीन मेली का म्हणून. तिथली पोरगी म्हणाली, नाही, आत्ताच ब्राऊन ब्रेड घेऊन गेली. ब्रेड न्यायला येते, आणि माझ्याकडे यायला होत नाही!"

 रुल्फीनने जवळची खुर्ची ओढली आणि बसली. नर्स म्हणून तिने कितीतरी एकटी माणसं पाहिली होती, त्यांच्यासाठी आवर्जून वळसा घालून जायची ती. आणि या माणसाच्या दारात बावीस वर्षं उभी राहून तिला फक्त त्याच्यामागची वाट दिसली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"गुडघा सुजला होता," ती हळूच म्हणाली. "आणि म्हटलं, तू 'नाही'च म्हणणार." मग तिने विचारलं, "यंदा 'हो' म्हणणार होतास का?"

"छे! 'नाही'च म्हणणार होतो." लुबर्टने करपलेला पॅनकेक बादलीत टाकला. "पण 'नाही' म्हणायला तरी कुणीतरी दारात यायला नको का?"

 मग दाढीवाल्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "बाई, आत्ता विचारा ना."

रुल्फीन उठली. एप्रन बांधलेल्या त्या थेरड्यापुढे उभी राहिली, पाठ ताठ.

"लुबर्ट, वाट देतोस का?"

"नाही," लुबर्ट म्हणाला.

सगळं टेबल "अहो!" म्हणून ओरडलं. लुबर्ट स्वतःच दचकला. "थांबा, थांबा! तोंडाला सवय लागलीय. पुन्हा विचार."

"देतोस का रे मेल्या? तुझ्या ढुंगणावर दोनदा इंजेक्शन दिलंय मी, आता तिसरं देईन!"

"देतो," लुबर्ट म्हणाला. "देतो बाई, देतो!"

नऊ माणसांनी टेबल बडवून घर डोक्यावर घेतलं. रुल्फीनच्या पिशवीत परवानगीचा छापील कागद होता. तो बावीस वर्षं तिच्या पिशवीत असायचाच, दर मार्चला नवा. लुबर्टने चष्मा लावून तो शब्दन् शब्द वाचला, मग मुदतीच्या जागी 'कायम' खोडून 'एक वर्ष' लिहिलं आणि सही केली. कागदावर काकवीचा अंगठा उमटला.

"एकच वर्ष?" रुल्फीन म्हणाली.

"दर वर्षी येऊन मागायची. तू. मार्चमध्ये."

"अरे, मी सोडतेय हे काम. शरदात एक मुलगी येणार आहे, फार चांगली आहे..."

"मग त्या चांगल्या मुलीला सांग डांबरावरून चाल." लुबर्टने तव्यावर पीठ ओतलं. "बस खाली. बेकन घालून देऊ की सफरचंद?"

रुल्फीनने गुडघ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.  "दोन्ही," ती म्हणाली. "आणि संस्थेला आता दुसरं पत्र लिहावं लागणार, तुझ्यामुळे."

पावणेपाचची बस गाठायची होती, म्हणून चारला सगळे निघाले. नऊ चालणारे पुढे, मागे रुल्फीन, आणि तिच्यासोबत लुबर्ट. कुरणांची फाटकं त्यालाच उघडायला हवीत असं त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे हा माणूस जन्मभर त्या बांधावरून फिरला, पण ट्रॅक्टरवरून. थांब्यापर्यंत पायी तो कधी गेलाच नव्हता. दर दहा पावलांना थांबून "हे इथे कधी उगवलं?" म्हणून विचारत होता. रुल्फीन सांगत होती: हे कोकिळफूल, ते रानपुदिना, आणि इथे फाटकाच्या डाव्या खांबाला एक पट्टा, समोरच्या विलोवर एक.

"झाडावर?" लुबर्टने डोळे वटारले.

"विचारून," ती म्हणाली.

"मग हरकत नाही."

शेवटच्या फाटकाशी रुल्फीन थांबली. पलीकडे दोनशे पावलांवर बस थांबा दिसत होता. मंडळी पुढे गेली होती, त्यांचं हसणं वाऱ्याने लांब नेलं होतं. सकाळी स्टेशनातून निघाल्यापासून तिच्या अंगावरून एकही गाडी गेली नव्हती. यंदाच्या दोन खेपा धरून नव्वद वेळा चालून जे मिळालं नव्हतं, ते आज एक्याण्णवाव्या खेपेला पायाखाली होतं.

"लुबर्ट, ऐक ना जरा."

लुबर्टने मान वाकडी करून कान दिला. बराच वेळ ऐकलं.

"काय ऐकू? काहीच नाही. एक चंडोल ओरडतोय."

"तेच तर," रुल्फीन म्हणाली, आणि फाटकावर डोकं टेकून पोटभर रडली. लुबर्ट बावचळला. काय करावं न सुचून तो तिच्या पाठीवर, गाईला थोपटतात तसं, थोपटत राहिला आणि थांब्याच्या दिशेने ओरडला, "ए दाढीवाल्या! बस धरून ठेव रे! आमच्या बाईंना आज फार आनंद झालाय!"